अध्ययन निष्पत्ती आणि ऑनलाइन कृती : आधी क्रियापद वाचा

आठवड्याचं नियोजन बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होतं. आधी एखादं ॲप सापडतं, मग त्यात बसेल असा खेळ, मग घटक. शेवटी टाचणवहीतला, म्हणजे पाठांच्या नियोजनाच्या वहीतला, रकाना भरायचा म्हणून पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावरून अध्ययन निष्पत्तीचा, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय करता यायला हवं ते सांगणाऱ्या वाक्याचा, क्रमांक उचलला जातो. घटकाचं नाव आणि क्रमांक जुळले की आपण निर्धास्त होतो. पण जुळणी मोडते ती घटकाच्या नावात नाही, क्रियापदात मोडते. निष्पत्ती म्हणते 'फरक ओळखतो' आणि मूल स्क्रीनवर करतं काय, तर व्हिडिओ बघून 'समजलं' या बटणावर बोट ठेवतं. आशय दोन्हीकडे तोच, पण मुलाने केलेली गोष्ट वेगळी.

एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संस्थेने २०१७ मध्ये प्राथमिक स्तराच्या अध्ययन निष्पत्ती प्रसिद्ध केल्या. त्याच आपल्या बालभारतीच्या पुस्तकांत क्रमांकासह छापलेल्या असतात. क्रमांकाची रचना सोपी आहे. पहिले दोन अंक इयत्तेचे, मधले विषयाचे (गणिताला ७१, विज्ञानाला ७२), शेवटचे त्या निष्पत्तीच्या अनुक्रमाचे. ०७.७१ ने सुरू होणारा क्रमांक दिसला की सातवीचं गणित. हा क्रमांक शोधण्यासाठी आहे. जुळणी क्रमांकाशी करायची नसते, त्याच्या पुढे छापलेल्या वाक्याशी करायची असते.

ते वाक्य वाचताना त्याचे तीन तुकडे करा : मूल काय करतं, कशावर करतं, आणि कोणत्या मर्यादेत करतं. तिसरा तुकडा सर्रास निसटतो. तिसरीच्या परिसर अभ्यासातली नकाशाची निष्पत्ती घ्या. त्यात दिशा आणि वस्तूंची, ठिकाणांची जागा ओळखणं आहे, पण साध्या नकाशात, म्हणजे घराच्या, वर्गाच्या, शाळेच्या नकाशात, चिन्हं वापरून किंवा तोंडी सांगून. ऑनलाइन तासाला मात्र हमखास गूगल मॅप उघडला जातो. सोलापूरचा भुईकोट किल्ला दाखवायचा, सिद्धेश्वराचं देऊळ आणि तलाव दाखवायचा, मोठं करून, लहान करून. पोरं हरखून जातात, आणि त्यांनी आपलं गाव वरून बघावं हे मलाही आवडतं. पण निष्पत्तीचा पुरावा म्हणून त्यातून हाती काहीच लागत नाही. नकाशा दुसऱ्याने काढलेला, चिन्हं दुसऱ्याची, बोट शिक्षकाचं. त्याऐवजी मुलाने वहीच्या पानावर आपल्या घराची खोली काढावी. दार, खिडकी, माठ, चूल किंवा गॅस यांना स्वतःची चिन्हं द्यावीत. सूर्य कुठल्या बाजूने उगवतो ते बघून पूर्व लिहावी आणि पानाचा फोटो पाठवावा. मग तुम्ही एवढंच विचारायचं : 'दाराकडे तोंड करून उभं राहिल्यावर माठ कुठल्या हाताला?' उत्तर आवाजी संदेशात. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम, आणि वाक्यातले तिन्ही तुकडे भरून निघतात.

आता एक निष्पत्ती जरा जवळून बघू, कारण खरी अडचण तपशिलात असते. सातवीच्या गणितात प्रमाणाची निष्पत्ती आहे : प्रमाणात असलेल्या राशी वेगळ्या ओळखणं. उदाहरणादाखल १५, ४५, ४०, १२० या संख्या प्रमाणात आहेत, कारण १५/४५ आणि ४०/१२० ही गुणोत्तरं सारखी. इथे क्रियापद 'ओळखणं, वेगळं करणं' हे आहे. ज्या राशी प्रमाणात नाहीत त्या समोर आल्याशिवाय वेगळं करण्याची वेळच येत नाही. तरीही या घटकावरचे बहुतेक ऑनलाइन प्रश्नसंच उघडून बघा, दहाच्या दहा उदाहरणं समप्रमाणाची असतात. मूल तिरकस गुणाकार करतं आणि दहापैकी दहा मिळवतं. प्रमाण कुठे लागू होतं आणि कुठे होत नाही हे त्याला एकदाही ठरवावं लागलेलं नसतं.

म्हणून कार्डं अशी करा. पाच पुरेत, आणि आकडे कार्डावरच द्या.

पहिलं : २ किलो ज्वारीच्या पिठाच्या २४ भाकरी, ५ किलोच्या ६०. दुसरं : रिक्षाला पहिल्या किलोमीटरला ३० रुपये, पुढे दर किलोमीटरला १५. म्हणजे १, २, ३, ४ किलोमीटरला ३०, ४५, ६०, ७५ रुपये. तिसरं : ठरलेला माल ४ यंत्रमागांवर १२ दिवसांत, ६ मागांवर ८ दिवसांत, ८ मागांवर ६ दिवसांत. चौथं : ३ चादरींचे १३५० रुपये, ७ चादरींचे ३१५०, पण १० एकदम घेतल्या तर ४०००. पाचवं : सातव्या वर्षी उंची १२० सेंटिमीटर, चौदाव्या वर्षी १६०.

सगळ्यांत जास्त शिकवणारं कार्ड रिक्षाचं. अंतर वाढलं की भाडं वाढतं, म्हणून वर्गातली निम्मीअधिक मुलं 'समप्रमाण' म्हणून मोकळी होतील असं धरूनच चाला. 'दोन्ही वाढतात' हा समप्रमाणाचा अर्थ मुलांच्या डोक्यात फार घट्ट बसलेला असतो. भाड्याला अंतराने भागायला लावा : ३०, मग २२.५०, मग २०, मग १८.७५. दर किलोमीटरचा आकडा घसरत जातो. गुणोत्तर एक राहत नाही, म्हणून प्रमाण नाही. चादरीच्या कार्डाचंही तेच. सातपर्यंत दर ४५० रुपये टिकतो, दहाला तो ४०० वर येतो. म्हणजे एकाच कार्डात प्रमाण आहेही आणि पुढे मोडतंही. 'कुठपर्यंत आहे?' हा प्रश्न इथे आवर्जून विचारा. यंत्रमागाच्या कार्डात मागांची संख्या आणि दिवस यांचा गुणाकार ४८ कायम राहतो, तिथे व्यस्तप्रमाण. उंचीचं कार्ड सोपं आहे, ते शेवटी ठेवा.

कार्डं तीच, पण मुलाला काय करायला सांगता यावर जुळणी ठरते. प्रत्येक कार्डासाठी दोन गोष्टी मागा : निर्णय (समप्रमाण, व्यस्तप्रमाण, दोन्ही नाही) आणि निर्णयामागचा आकडा. कारण वाक्यात मागितलं की काही मुलं पुस्तकातली व्याख्या उतरवून काढतात. आकडा उतरवता येत नाही. पहिल्या कार्डाला तो '१२, १२' असा आला तर गुणोत्तर काढलंय, नुसतं '२४, ६०' आला तर नाही काढलं. शेवटी मुलाने घरातली एक जोडी स्वतः मोजून आणावी. कपाने पाणी आणि तांब्याने पाणी, वहीची पानं आणि जाडी, काहीही. तीन मापं घ्यायची आणि तीन गुणोत्तरं काढायची. मापं खरी असली की गुणोत्तरं थोडी इकडेतिकडे होणारच, ९.८, १०, १०.१ अशी. ती चूक म्हणून कापू नका. उलट तिन्ही नेमकी १० आली असतील तर मूल बहुधा मोजायला बसलंच नाही.

याच घटकावर पर्यायी प्रश्न घालायचे असतील तर पर्याय भरतीचे नकोत. ४ वह्यांना ६० रुपये, तर ६ वह्यांना किती? पर्याय : ९०, ६२, ४०, १२०. ९० बरोबर. ६२ निवडणारं मूल बेरजेने विचार करतंय, दोन वह्या वाढल्या म्हणून दोन रुपये वाढवतंय. ४० निवडणाऱ्याने समप्रमाणाच्या जागी व्यस्तप्रमाण लावलं. १२० वाल्याने सरसकट दुप्पट केली. असे पर्याय असले की गूगल फॉर्मची उत्तरं उघडल्याबरोबर उद्याच्या तासाला कुणाला कुणाबरोबर बसवायचं ते दिसतं. ८५, ९५, १०० असे पर्याय टाकले तर चुकलं एवढंच कळेल, का चुकलं ते कळणार नाही.

प्रश्न किती असावेत हाही हिशेबाचा भाग आहे. चार पर्यायांचा एकच प्रश्न असेल तर चारातलं एक मूल नुसत्या अंदाजाने बरोबर येईल. एका निष्पत्तीवर चार प्रश्न ठेवून 'किमान तीन बरोबर' ही अट घातली, तर निव्वळ अंदाजाने पार होण्याची शक्यता २५६ पैकी १३, म्हणजे साधारण ५ टक्के उरते. म्हणून एका निष्पत्तीला किमान चार प्रश्न द्या. वीस प्रश्नांच्या चाचणीत वीस निष्पत्ती कोंबण्यापेक्षा पाच घ्या आणि नीट घ्या.

एका कृतीसमोर पाच-सहा क्रमांक लिहिण्याची सवय आपण सगळ्यांनीच सोडायला हवी. तपासणीला वही भरलेली दिसते, पण त्या सहांपैकी एकाचाही पुरावा वेगळा काढून दाखवता येत नाही. एक मुख्य निष्पत्ती, फार तर जोडीला एक, यापुढे जाऊ नका.

आता फॉर्मचं. गूगल फॉर्ममध्ये क्विझ लावून लहान उत्तराचा प्रश्न दिला की उत्तरसूचीत जे लिहिलंय ते अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. मराठी माध्यमात हे हमखास अडतं. तुम्ही उत्तर देवनागरी अंकात लिहिलं आणि मुलाने इंग्रजी अंकात टाइप केलं, की बरोबर उत्तराला शून्य. कुणी आकड्यापुढे 'रुपये' लिहिलं, तरी शून्य. उपाय दोन. उत्तरसूचीत तिन्ही रूपं वेगवेगळी बरोबर म्हणून टाकायची, देवनागरी, इंग्रजी आणि एककासह. आणि प्रश्नाच्या खालीच 'फक्त आकडा लिहा' अशी सूचना द्यायची. मुलांना निकाल लगेच दिसेल अशी सेटिंग न ठेवता 'तपासल्यावर' अशी ठेवली, तर एकदा नजर फिरवून मग गुण सोडता येतात.

नावाचा रकाना टाइप करायला ठेवू नका. एकच मूल एकदा आडनाव आधी लिहितं, एकदा नंतर, एकदा ऱ्हस्व-दीर्घ बदलून, आणि प्रतिसाद जमा होतात त्या गूगल शीटमध्ये तीन मुलं तयार होतात. हजेरी क्रमांकाची यादी करून त्यातून निवडायला सांगा. 'एकालाच एकदा प्रतिसाद' ही सेटिंगही बंद ठेवा. ती चालू असली की गूगल खात्याने आत जावं लागतं आणि एका खात्यातून एकच प्रतिसाद जातो. आपल्याकडे एका घरात एकच फोन आणि त्या फोनवर दोन भावंडं, कधी एकाच वर्गातले चुलत भाऊ, ही नेहमीची गोष्ट. दुसऱ्याचा फॉर्म उघडतच नाही आणि तो 'गैरहजर' ठरतो. फॉर्ममध्ये फाइल जोडायचा प्रश्न टाकला तरी खात्याची तीच अडचण येते. वहीचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, शिक्षकाच्या क्रमांकावर थेट मागवा. ग्रुपवर पहिला फोटो आला की पुढचे तीस त्याच्या नकला असतात.

वेळेचंही भान ठेवा. यंत्रमागावर नाहीतर विडीच्या कामावर असलेल्या घरात फोन मुलाच्या हातात येतो तो संध्याकाळी, आई-वडील परतल्यावर. दुपारी तीनला सोडलेली आणि चारला बंद होणारी कृती गणित मोजत नाही, फोन कुणाच्या खिशात आहे ते मोजते. निदान चोवीस तास उघडी ठेवा. याच कारणाने घड्याळ लावलेले प्रश्नखेळ, कहूटसारखे, मूल्यमापनाला वापरू नयेत असं माझं ठाम मत आहे. उजळणीला ते छान आहेत, वर्गात जीव येतो. पण गुण लवकर दाबणाऱ्याला जास्त मिळतात, आणि ७१ च्या यादीतल्या ज्या निष्पत्तीसाठी आपण तो खेळ घेतो तिच्या वाक्यात 'लवकर' हा शब्द नसतो.

सोलापूरच्या वर्गात आणखी एक गोष्ट बघावी लागते. शहरातल्या पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारी मुलं आहेत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड, आणि उर्दू तर शहरभर. गणिताच्या निष्पत्तीचा प्रश्न पाच ओळींच्या मराठी परिच्छेदात गुंडाळला, तर चुकलेलं उत्तर गणिताचं की वाचनाचं ते सांगता येत नाही. प्रश्न दोन ओळींत बसवा, आकडे तक्त्यात द्या, आणि कार्डाचा क्रमांक सांगून तोच प्रश्न वाचून दाखवणारा अर्ध्या मिनिटाचा आवाजी संदेश सोबत पाठवा. मुलाने कारण तेलुगूत किंवा कन्नडमध्ये सांगितलं तर गणितापुरतं ते पूर्ण उत्तर धरा. मराठीच्या निष्पत्तीला मात्र ही सवलत नाही, तिथे भाषाच मोजायची आहे. ऐकून समजण्याची किंवा बोलण्याची निष्पत्ती असेल तर लेखी फॉर्म बाजूलाच ठेवा आणि आवाजच मागवा.

दीक्षा या शासनाच्या ऑनलाइन शिक्षण-मंचावर तयार मजकूर भरपूर आहे. पुस्तकातल्या क्यूआर कोडशेजारची सहा अक्षरं टाकली तरी तो उघडतो. पाठ्यपुस्तकावर क्यूआर ही कल्पना आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी रुजवली, २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कारही त्यांना मिळाला, आणि त्याचा अभिमान वाटतोच. पण तिथला मजकूर बहुतांशी पाठाला जोडलेला असतो. पाठात तीन निष्पत्ती असतील तर व्हिडिओ त्यांतल्या एकीलाच शिवत असेल, किंवा नुसती ओळख करून देऊन थांबत असेल. व्हिडिओ लावायचाच तर तो आधी स्वतः पूर्ण बघा, कुठल्या मिनिटाला थांबवून काय करायला लावायचं ते टाचणात लिहा, आणि 'पाहिला' ही नोंद पुरावा म्हणून धरू नका. फेट (PhET) या संकेतस्थळावरच्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे स्क्रीनवर हाताळायच्या प्रयोगांत, गुणोत्तराचं एक चांगलं आहे, दोन्ही हातांची उंची बदलत गुणोत्तर धरून ठेवायचं. ते द्या, पण 'खेळून बघा' म्हणून सोडू नका. तीन वेगळ्या उंचींच्या जोड्या वहीत उतरवायला सांगा.

नोंद कुठे करायची? २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयातली आकारिक, म्हणजे वर्षभर शिकवता-शिकवता करायच्या, मूल्यमापनाची आठ तंत्रं आपल्याला पाठ आहेत. सातवीला आकारिकचा वाटा ४० टक्के, संकलितचा, म्हणजे सत्राअखेरच्या मूल्यमापनाचा, ६०. ऑनलाइन केलं म्हणजे सगळं 'चाचणी'त जातं असं नाही. पर्यायी प्रश्नांचा फॉर्म चाचणीत, आवाजी कारण तोंडी कामात, घरी मापं घेऊन केलेली जोडी उपक्रम/कृतीत. एकाच निष्पत्तीचे तीन तंत्रांतून तीन पुरावे जमले की वर्णनात्मक नोंद आपोआप नेमकी होते : 'समप्रमाणाची उदाहरणं सोडवतो, सुरुवातीचं ठरावीक भाडं असलेल्या उदाहरणात गोंधळतो.' 'गणितात रस घेतो' या नोंदीचा पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला काय उपयोग?

एकूण गुणांवर कधीही थांबू नका. दहापैकी आठ मिळालेल्या दोन मुलांत एकाचे दोन गुण इकडेतिकडे गेलेले असतात, दुसऱ्याचे दोन्ही एकाच निष्पत्तीवर. शीटमध्ये प्रतिसादांच्या पानावर काही लिहू नका, कारण नवा प्रतिसाद नवी ओळ घालत येतो आणि शेजारी लिहिलेली सूत्रं त्या ओळीला लागत नाहीत. वेगळं पान घ्या. वरच्या ओळीत प्रश्नाखाली निष्पत्तीचा क्रमांक, त्याखाली उत्तरसूची, मग मुलं. सम्प्रॉडक्टच्या (SUMPRODUCT) सूत्राने त्या क्रमांकाचे रकाने उत्तरसूचीशी ताडून प्रत्येक मुलाचे प्रत्येक निष्पत्तीचे बरोबर प्रश्न मोजता येतात. तीनपेक्षा कमी असेल त्या चौकटीला रंग लावा. एका मुलाच्या ओळीत रंग असेल तर त्या मुलाशी बोलायचं. एका रकान्यात उभा रंग उतरला असेल तर मुलं नाही, कृती किंवा प्रश्न तपासायचा, आणि बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो : आकडा चुकलेला, दोन पर्याय बरोबर, नाहीतर कार्डावरचा शब्द मुलांच्या ओळखीचा नाही.

महिन्यातून एकदा निष्पत्तींची पूर्ण यादी डावीकडे आणि घेतलेल्या कृती उजवीकडे अशी एक शीट भरा. काही ओळी रिकाम्या राहतील. क्रियापदं वाचा : कंपास वापरून रचना करतो, प्रयोग करून पडताळतो, गटात चर्चा करतो. त्यांना ओढूनताणून फॉर्ममध्ये बसवू नका. त्या ओळींसमोर 'वर्गात' असं लिहा आणि पुढच्या पंधरवड्यातली तारीख टाका.